ग्रस्त आणि जदा

नाव, वय, घरातील माणसे, मृत, जखमी, शेरा. कोऱ्या तावावर पट्टीने रेघा मारून मी सहा रकाने आखत होते. १९९३ चा ऑक्टोबर नुकताच लागला होता. पत्र्याच्या शेडवर पाऊस वाजत होता आणि टेबलाच्या पायाशी चिखल साचला होता. मी २४ वर्षांची होते. महसूल खात्यात कारकून म्हणून लागून मला वर्षही झालं नव्हतं.

३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर भागातली जमीन हलली होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक दमून झोपलेले. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवद आणि त्या माळवदावर पावसाळ्याआधी दरसाल चढवलेली माती. उन्हाळ्यात गारवा देणारं ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांच्या अंगावर आलं. ५२ गावं जमीनदोस्त झाली. मेलेली माणसं हजारांत मोजावी लागली, आणि मोजण्याचं काम आमच्याकडे होतं.

तावाच्या माथ्यावर मी ठळक अक्षरात लिहिलं : भूकंपग्रस्तांची यादी.

शेजारच्या लोखंडी खुर्चीवर पेशकारसाहेब बसले होते. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण गावातलं कोणीही त्यांना जुन्या हुद्द्यानेच ओळखायचं. निजामाच्या राज्यात त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. रेकॉर्डरूममधले जुने उर्दू कागद वाचायचे असले की कचेरीतून त्यांनाच निरोप जायचा. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी ते कुणाच्या निरोपाची वाट न बघता आले आणि मी सांगेन ती नावं लिहून घेऊ लागले. तावाकडे बघून ते म्हणाले, "बेटी, ये ग्रस्त का माने क्या?"

मी म्हटलं, "ग्रासलेला. गिळलेला. खग्रास ग्रहणातला ग्रास असतो ना, तोच."

ते थोडा वेळ पावसाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हमारे में जलजलाजदा बोलते. जदा म्हणजे ज्याला मार बसला तो."

त्या दिवशी याहून जास्त बोलायला वेळच नव्हता. रांग शेडच्या बाहेर गेली होती. पण ते दोन शब्द डोक्यात रुतून बसले, ते आजतागायत. फारसीत 'जदन' म्हणजे मारणं. त्यावरून उर्दूत आफतजदा, गमजदा, सैलाबजदा, कहतजदा. उर्दूतल्या माणसाला संकट फटका मारतं. तो पडतो, पण दिसतो. मराठीतल्या माणसाला संकट गिळतं. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, धरणग्रस्त. तो आत जातो, आणि बाहेर उरते ती यादी. ढिगाऱ्यापाशी उभं राहून मला दोन्ही शब्द खरे वाटले. जे खाली राहिले ते ग्रस्त होते, आणि माझ्या टेबलासमोर घोंगडी पांघरून उभे होते ते जदा.

नंतरच्या वर्षांत मी पेशकारसाहेबांकडे उर्दू शिकले. रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर, आधी पाटीवर आणि मग जुन्या वर्तमानपत्रांवर. लिपी हाताला लागायला सहा महिने गेले. शब्दांची गोडी मात्र पहिल्या रविवारपासून लागली, आणि का कोण जाणे, मी सारखी संकटाचेच शब्द विचारायची. भूकंपाने मला त्या बाजूला वळवलं असावं. त्यांनी कधी विचारलं नाही की तू असलेच शब्द का गोळा करतेस.

'जलजला' म्हणून बघा. तोंडातच जमीन हलते. ज-ल, ज-ल, तोच आघात दोनदा. मूळ अरबी शब्दाची घडणच अशी दुहेरी आहे. कुराणातली ९९ वी सूरा याच नावाची. आपल्या 'भूकंपा'त अर्थ पुरता आहे, पण हादरा नाही. तो शाळेच्या पुस्तकातून आलेला शब्द आहे. त्या पहाटे आमच्या गल्लीत मराठी माणसंसुद्धा 'भूकंप' म्हणून ओरडली नव्हती. "हाललं, हाललं" असं ओरडत ती बाहेर पळाली होती.

'मुसीबत' आपण येता-जाता वापरतो. गाडी बंद पडली, मुसीबत. पाहुणे अवेळी आले, मुसीबत. पेशकारसाहेबांनी एकदा त्याचं मूळ उलगडून दाखवलं. ज्या धातूपासून तो आला त्याचा अर्थ नेमका वेध घेणं, बाण निशाण्यावर लागणं. अचूक मताला उर्दूत 'इसाबत-ए-राय' म्हणतात, तीही याच घरातली. म्हणजे मुसीबत ही भरकटत येऊन चुकून लागलेली गोष्ट नव्हे, ती नेमकी तुमच्याकडेच निघालेली असते. हे ऐकून मी घाबरले होते. शेजारचं घर उभं आणि आपलं आडवं, याचा जाब ज्यांना कुठेच मिळत नव्हता अशा माणसांची नावं मी लिहिली होती. त्यांना हा अर्थ कसा सांगायचा? पण पेशकारसाहेबांना त्या अर्थाने धीर येत असावा. बाण आहे म्हणजे सोडणारा आहे, आणि सोडणारा आहे म्हणजे त्याच्याशी बोलता येतं. त्यांच्या घरी लहानसहान नुकसान झालं तरी "इन्ना लिल्लाहि" तोंडात यायचं : आपण त्याचेच, आणि त्याच्याकडेच परत जाणारे. माझ्याकडे अशी श्रद्धा नाही. तरी त्यांच्या धीराचा हेवा मला वाटला आहे, अजून वाटतो.

नशिबाच्या शब्दांत मात्र मला माझी कचेरीच सापडली. 'नसीब' म्हणजे वाटा. 'किस्मत' म्हणजे वाटणी. जुन्या उर्दू कागदांत जमिनीच्या वाटपाला 'तकसीम' लिहिलेलं असतं. किस्मत आणि तकसीम एकाच धातूची लेकरं. कुणाला काळी कसदार जमीन, कुणाला मुरमाड. तकसीम मान्य नसेल तर अपील करता येतं, आणि किस्मतीचं अपील कुठे करायचं हे मला रांगेतल्या एका म्हाताऱ्याने खरोखर विचारलं होतं, फक्त त्याने तो शब्द वापरला नव्हता.

शिकता शिकता ध्यानात आलं की यातले कितीतरी शब्द मी शिकत नव्हतेच, परत ओळखत होते. ते मराठीत येऊन केव्हाचे नांदत होते. 'हाल' घ्या. उर्दूत 'हाल' म्हणजे नुसती स्थिती. चांगली असेल, वाईट असेल. "क्या हाल है?" याला "अच्छा हाल है" असं उत्तर देता येतं. मराठीत मात्र हाल म्हणजे फक्त वाईट. हाल झाले, हालअपेष्टा सोसल्या, त्याचे हाल कुत्रा खात नाही. त्याचंच अनेकवचन 'अहवाल'. सरकारी कामकाजात ते अहवाल म्हणूनच राहिलं, आणि बोलण्यात 'हवाल' होऊन तेही दुःखाकडे वळलं. असं कशाने झालं असेल? ज्यांच्या दारात सरकारी माणूस स्थिती विचारायला येतो तो दुष्काळ पडल्यावरच, सारा थकल्यावरच, त्यांना 'स्थिती' आणि 'दुःस्थिती' यांत फरक उरला नसेल. हे माझं भाषाशास्त्र नव्हे, पंचनामे लिहून लिहून झालेलं मत आहे. चांगल्या पिकाचा पंचनामा मी एकदाही लिहिला नाही.

'हवालदिल'ची गोष्ट वेगळी. "अवकाळी पावसाने शेतकरी हवालदिल" हा मथळा वाचला नाही असा मराठी माणूस नसेल. यातला 'हवाल' आधीच्या हवालाचा कुणी नव्हे. मूळ शब्द 'हौलदिल'. हौल म्हणजे धसका. हौलदिल म्हणजे छातीत धडधडणं, धसक्याने काळीज थाऱ्यावर नसणं. आणि या दुखण्यावर उपाय म्हणून यशब नावाच्या हिरवट दगडाचा ताईत छातीवर बांधत, त्यालाच 'हौलदिली' म्हणत. शाहजहानचा असा एक ताईत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, १६३१-३२ सालचा. मुमताज महल बुऱ्हाणपुरात गेली ती जून १६३१ मध्ये. या दोन गोष्टींची गाठ मी बांधत नाही, फक्त तारखा शेजारी शेजारी ठेवते. बादशहाच्या छातीवरचा तो शब्द आता सोयाबीन भिजलेल्या शेतकऱ्याच्या छातीवर आहे, आणि त्याच्यासाठी यशबाचा दगड कुणी आणत नाही.

गजबचा आपण 'गहजब' केला. मूळ अर्थ क्रोध, तोही बहुधा देवाचा. आपल्याकडे तो नुसता आरडाओरडा उरला. कहर तसाच राहिला, पावसाचा, उन्हाचा, साथीचा. कयामत म्हणजे उभं राहणं, मेलेल्यांनी कबरीतून उठून उभं राहण्याचा दिवस. आपला 'कायम' आणि 'मुक्काम' त्याच धातूतले.

'बरबाद'पाशी मात्र मी एक अख्खा रविवार थांबले. बर म्हणजे वर, बाद म्हणजे वारा. वाऱ्यावर गेलेलं ते बरबाद. पेशकारसाहेब हे सांगत होते आणि मला आपला 'वाताहत' आठवला. वात अधिक आहत. वाऱ्याने झोडपलेलं. एक शब्द फारसीतून आला, दुसरा संस्कृतातून, आणि दोन्हींत घर उडवून नेणारा वारा तोच. मी ते बोलून दाखवलं तेव्हा ते खुर्चीतून उठले, आत जाऊन बायकोला सांगून आले. इतका आनंद झालेला मी त्यांना क्वचित पाहिला.

पुराबद्दल त्यांच्या घरात एक शब्द होता तो मी इतर कुणाच्या तोंडून ऐकला नाही : तुगयानी. २८ सप्टेंबर १९०८ ला हैदराबादेत मुसी नदी शहरात शिरली. हजारो माणसं गेली. अफजलगंजच्या एका चिंचेवर चढून बसलेले दीडशेच्या आसपास लोक वाचले. ते झाड उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारात आहे. अमजद हैदराबादी या शायराची आई, बायको आणि मुलगी त्याच्या डोळ्यांदेखत वाहून गेली, तो एकटा उरला. पुढे विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणं बांधली गेली. हैदराबादची उर्दू माणसं या पुराला मुसीची तुगयानी म्हणतात. तुगयानी म्हणजे मर्यादा ओलांडणं, बंड. आपला 'पूर' भरण्यातून आलेला. नदी भरली, पूर आला. शेतकऱ्याच्या भाषेत भरणं हे आधी चांगलंच असतं. तुगयानीत नदीने आपली पायरी सोडलेली असते. घाटांवर, पुलांवर, पेठांत राहणाऱ्या शहरी माणसाचा तो शब्द आहे, असं मला वाटतं.

आता ज्या शब्दावर आमच्यात कधीच बोलणं झालं नाही त्याबद्दल लिहायला हवं.

पेशकारसाहेब भूकंपात स्वतःहून मदतीला आले, पगाराविना राबले. अशा माणसाला उर्दूत एक साधा, सुंदर शब्द आहे : रजाकार. रजा म्हणजे राजीखुशी. आपल्या सुट्टीच्या अर्जातली रजा तीच. आपल्या खुशीने काम करणारा तो रजाकार. पाकिस्तानातल्या उर्दूत आजही स्वयंसेवकाला हाच शब्द आहे. पण मराठवाड्यात तो उच्चारला की म्हाताऱ्या माणसांचा चेहरा बदलतो. निजामाच्या अखेरच्या काळात कासिम रझवीच्या सशस्त्र रझाकारांनी गावागावांत जे केलं, ते माझ्या आजीने डोळ्यांनी पाहिलं होतं. तिच्यासाठी रझाकार हा माणूस नव्हता, आफत होती. अंधारात बैलगाडीत बसून तिचं माहेर गाव सोडून गेलं होतं.

१७ सप्टेंबर १९४८, निजामाचं हैदराबाद संस्थान भारतीय सैन्यापुढे शरण आलं तो दिवस. आम्ही त्याला मुक्तिदिन म्हणतो आणि तो मुक्तिदिन आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. उर्दू लिहिणारे त्याच दिवसांना 'सुकूत-ए-हैदराबाद' म्हणतात, हैदराबादचं पडणं. बोलताना दोन्हीकडचे लोक 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. सरकारी शब्द मध्ये ठेवला की एकमेकांकडे बघता येतं. त्यानंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या भागांत मुसलमानांची जी कत्तल झाली, तिची चौकशी करायला पंडित सुंदरलाल यांची समिती आली होती. तिचा अंदाज २७,००० ते ४०,००० मृत्यूंचा. तो अहवाल कितीतरी दशकं लोकांपुढे आलाच नाही. मी शाळेत असताना मुक्तिसंग्रामावर भाषण केलं होतं, बक्षीस घेतलं होतं. या आकड्यांतलं एकही अक्षर मला ठाऊक नव्हतं.

पेशकारसाहेबांच्या घरातलं त्या दिवसांत कोण गेलं, हे मी कधी विचारलं नाही. माझ्या आजीबद्दल त्यांनी विचारलं नाही. मदतीला आलेल्या तरुण पोरांना ते 'मदद करनेवाले' म्हणायचे. दोन शब्दांची जागा एकाने भागली असती, पण तो एक शब्द त्यांनी माझ्यासमोर जिभेवर येऊ दिला नाही. माझ्यासाठी आवरला की स्वतःसाठी, ते आता कळायचा मार्ग नाही. एका भाषेने दिलेला चांगुलपणाचा शब्द दुसऱ्या भाषेत असा करपून जावा याचं मला फार वाईट वाटतं. आजीची भीती खरी होती. आणि त्यांचं ते आवरणंही.

अशुभ तोंडाबाहेर येऊ न देण्याची रीत त्यांच्या घरात फार होती, आमच्यासारखीच. दुकान बंद केलं म्हणायचं नाही, दुकान बढाया म्हणायचं. जेवणं झाली की दस्तरखान बढाना. कुणा आदरणीय माणसाच्या आजाराचा विषय निघाला की आधी "नसीब-ए-दुश्मनाँ", हे दुखणं शत्रूच्या वाट्याचं असो. मी त्यांना आमचं सांगितलं. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. ते म्हणाले, "बढाना आणि वाढवणं, एकच झालं की." खरंच एकच. तुटलेल्या वस्तूला वाढलेली म्हणायची ही युक्ती कुणी कुणाकडून घेतली, हे शोधायच्या फंदात मी पडले नाही. मोहरमचे ताजिये पाण्यात सोडले की 'ठंडे किए' म्हणतात आणि आमच्या गावात 'ताबूत थंडे झाले' असं हिंदू-मुसलमान सगळेच म्हणतात.

हल्ली यादीच्या माथ्यावरचा शब्द बदलला आहे. २०२० साली साथीचे फॉर्म आले त्यांवर 'बाधित' होतं. उर्दू बातम्यांतही जदा मागे पडून 'मुतास्सिरीन' आलं आहे, म्हणजे ज्यांच्यावर परिणाम झाला ते. दोन्ही शब्दांना ना दात आहेत ना हात. गिळलं कुणी, मारलं कुणी, काही कळत नाही. कचेरीला ते सोयीचे पडतात, आणि मीही कचेरीतच आहे, रोज तेच लिहिते. पण लिहिताना हात अडखळतो.

एक शब्द राहिला. बला.

मूळ अरबी अर्थ कसोटी, परीक्षा. म्हणूनच करबला या नावातच लोकांना 'कर्ब' आणि 'बला', यातना आणि परीक्षा, ऐकू येतात. मराठीत आपण ती टाळतो : बला टळली. उर्दूत ती घेतात : बलाएँ लेना. समोरच्याच्या वाट्याचं जे काही वाईट आहे ते माझ्यावर येवो. आणि ही मराठीतही आहे, माझी आजी रोज करायची : अलाबला घेणं. दोन्ही हात लेकराच्या तोंडावरून फिरवायचे, आपल्या कानशिलांवर टेकवून बोटं कडाकडा मोडायची. जितकी बोटं वाजतील तितकी दृष्ट निघाली. हेच बोटं मोडणं एखाद्याच्या नावाने केलं की शाप होतो. हात तेच, आवाज तोच. कानशील आपलं असलं की ती माया.

शेडमधल्या त्या आठवड्यात पेशकारसाहेबांची बायको रोज दुपारी भाकरी-पिठल्याचा डबा घेऊन यायची. सगळे तिला खाला म्हणायचे, मीही. एका दुपारी सहा-सात वर्षांची एक मुलगी मामाचं बोट धरून टेबलापाशी आली. नाव लिहिलं. वय लिहिलं. घरातील माणसे, पाच. मृत, चार. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं ते मला सुचेना आणि मी पेन तसंच धरून बसले.

खालाने डबा खाली ठेवला. चिखलात गुडघे टेकून त्या पोरीच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. सगळी वाजली. पोरगी तीन दिवस कुणाशी बोलली नव्हती, असं मामा सांगत होता. तिने खालाकडे बघितलं. मग आपले दोन्ही पंजे खालाच्या गालांवरून ओढले, आपल्या कपाळाच्या दोन्ही बाजूंना दाबले आणि थांबली. तिची बोटं काही वाजली नाहीत. ती पुन्हा दाबून बघायला लागली, तेव्हा खालाने तिचे हात तसेच तिच्या कानशिलांवर धरून ठेवले आणि आपली बोटं परत एकदा मोडली, तिच्या कानाजवळ, तिला ऐकू जातील अशी.